कात्री गावाला घेऊन चला

(उपनगरातल्या वर्कशॉपमध्ये काम करणारी गावाकडची मंडळी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले कार्यकर्ते यांच्या घाटकोपर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज मला बोलायचं आहे शेतमालाच्या भावाबद्दल. पण सुरुवात मी पत्र्यापासून करणार आहे. समोरच्या टेबलावर एक पत्रा, एक कात्री, एक लाकडी मोगरी आणि तेलाचा रिकामा डबा मांडलेला बघून काही जण आपसात हसताना मला दिसले. शेती शिकलेला माणूस पत्र्याची दुकानदारी कधीपासून करायला लागला, असं त्यांना वाटलं असेल. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

या सभेत दोन प्रकारची माणसं बसली आहेत. डाव्या बाजूला जिल्ह्यांतून आलेले शेतकरी. उजव्या बाजूला त्यांचीच मुलं, भाऊ, भाचे. कुणी साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या गाळ्यात कामाला आहे, कुणी असल्फ्याला, कुणी अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीत. गावाकडे विचारलं की सांगतात, 'मुंबईला कंपनीत आहे.' कंपनीत काय करतो ते कुणी विचारत नाही. ही मुलं पत्रा कापतात, दुमडतात, ठोकतात, भोकं पाडतात. पंख्याची जाळी, विजेच्या मीटरची पेटी, कपाटाचं दार, हवा खेळवायचे डक्ट, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. आणि त्याच मुलाच्या बापाच्या घरी सुगीचा गहू पोत्यांत पडलेला असतो. पोती उंदीर फाडतो, दाणे सोंडा पोखरतो, आणि बाप घाबरून मिळेल त्या भावाला माल मोंढ्यावर नेऊन टाकतो.

मुलाच्या हातात कोठी आहे आणि बापाच्या घरात कोठी नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच.

घाईनं विकणारा स्वस्तात विकतो

शेतकरी सुगीलाच माल का विकतो? पहिलं कारण देणेकरी. ते कारण मोठं आहे आणि त्यासाठी आपण रस्त्यावर उतरलेलो आहोत. पण दुसरंही कारण आहे आणि ते आपण मोठ्यानं बोलत नाही. ज्याला देणेकऱ्याची घाई नाही तोही विकतो, कारण माल राखायचा कसा हे त्याला ठाऊक नाही. सहा महिन्यांनी पोत्यात धान्य कमी आणि पीठ जास्त निघणार असेल, तर आज दोन पैसे कमी घेतलेले बरे, असा त्याचा हिशोब असतो. हिशोब चुकीचा नाही. साधन नाही म्हणून तो तसा करावा लागतो.

राखून ठेवलं की भाव मिळतोच, असं मी म्हणणार नाही. 2022 च्या मे महिन्यात गव्हाची निर्यात सरकारनं एका रात्रीत बंद केली, हे आपण पाहिलं आहे. ज्यांनी चार पैसे जास्त मिळतील म्हणून गहू राखला होता त्यांच्या तोंडचा घास गेला. तेव्हा कोठी म्हणजे भावाची हमी नव्हे. कोठी म्हणजे कधी विकायचं हे ठरवण्याचा अधिकार. तो वापरून कधी फायदा होईल, कधी तोटा होईल. पण निर्णय आपला असेल, सोंड्याचा नसेल.

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. माल गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज उचलायचं. जिथे बाजार समिती ती नीट चालवते तिथे जरूर वापरा. पण चार क्विंटल गहू, दोन क्विंटल ज्वारी, घरची तूर आणि पुढच्या वर्षाचं बियाणं घेऊन कुणी गोदामाकडे जात नाही. ते घरातच राहतं, आणि घरातच नासतं.

1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा विचार मांडला. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. त्यातल्या माजघर शेतीचा आपण पुष्कळ उच्चार केला. पापड केले, लोणची केली, डाळ भरडली. पण माजघरात पहिली वस्तू लागते ती माल टिकवणारं भांडं. ते आपण अजून विकतच आणतो, नाहीतर आणतच नाही.

कोठीचा हिशोब

आता कागद-पेन्सिल काढा. बाजारात साधा, म्हणजे नळीदार नसलेला, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मिळतो. नेहमीचं माप आठ फूट बाय चार फूट. जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे उलटा कारभार आहे: गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. आपल्याला 24 गेजचा हवा. तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड असतो. एका पत्र्याचं वजन तेरा किलोच्या आसपास भरतं. पत्रा वजनावर विकतात, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी किलोचा भाव विचारला की खर्च घरी बसून काढता येतो.

पहिला पत्रा लांबीकडून गोल वळवायचा. आठ फूट म्हणजे 244 सेंटिमीटर. त्यातले तीन सेंटिमीटर सांध्यात जातात. उरलेल्याचा गोल केला की साडेशहात्तर सेंटिमीटर व्यासाचं आणि सुमारे एकशेवीस सेंटिमीटर उंचीचं पिंप होतं. त्यात चार क्विंटल गहू आरामात मावतो. दुसऱ्या पत्र्यातून ऐंशी सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या काढायच्या, एक तळाला आणि एक वर. जो तुकडा उरतो त्यातून तोंडाचा गळा, झाकण आणि खालचं धान्य काढायचं दार होतं. दोन पत्रे, सव्वीस किलो लोखंड, चार क्विंटलची कोठी. यात न समजण्यासारखं काय आहे?

आणि कापायचं किती? दोन चकत्यांचा घेर मिळून पाच मीटर, तोंडाचे आणि दाराचे मिळून आणखी दोन. सात मीटर कापणं. सरावाचा हात असेल तर सकाळचं काम.

कापायचं कसं

वर्कशॉपमधल्या मुलांना हे सांगायची गरज नाही. पण डाव्या बाजूचे लोक वीज आणि मशीन नसलेल्या गावात जाऊन हे करणार आहेत, म्हणून सांगतो. चुकलो तर उजवीकडच्यांनी तिथल्या तिथे मला दुरुस्त करावं.

पत्रा कापायची कात्री दहा किंवा बारा इंची घ्या. पातळ पत्र्याला ती पुरते. अठरा गेजच्या जाड पत्र्याशी तिच्यानं झुंजू नका, कात्रीही जाते आणि मनगटही. आखणी खिळ्याच्या टोकानं करा. खडूची रेघ कापताना पुसली जाते. गोल आखायला मधे खिळा, त्याला न ताणणारी तार आणि टोकाला दुसरा खिळा.

पहिला नियम: कात्रीचं तोंड टोकापर्यंत मिटायचं नाही. नवशिका प्रत्येक वेळी कचकन पूर्ण मिटतो आणि प्रत्येक ठिकाणी पत्र्याला आडवी चीर पडते. त्याच चिरेला पुढे हात लागून फाटतो. पातं पाऊण मिटेपर्यंत चालवा, उघडा, पुढे सरकवा. पत्रा नेहमी पात्याच्या मुळाशी असू द्या. जोर तिथे असतो.

दुसरा नियम: कात्री सरळ उभी धरा. ती कलली की पत्रा कापण्याऐवजी दोन पात्यांत दुमडून अडकतो.

तिसरा नियम: गोल एकदम काढायला जाऊ नका. आधी चौकोन कापा, मग त्याचे चार कोपरे उडवा, म्हणजे आठ बाजू झाल्या. पुन्हा कोपरे उडवा, सोळा झाल्या. आता रेघेला धरून बारीक बारीक कातरत या. असा बाहेरचा गोल साध्या सरळ कात्रीनंही निघतो. आतलं भोक मात्र वेगळं. मधोमध छिन्नीनं चीर पाडायची, खाली जाड लाकडाचा ओंडका ठेवून. आणि तिथून वाकड्या पात्याच्या कात्रीनं गोल फिरत फिरत रेघेपर्यंत यायचं.

कात्री नसेल तर? एक्सॉ ब्लेडनं पातळ पत्रा कापू गेलात तर तो थरथरतो आणि ब्लेडचे दात मोडतात. कारण सोपं आहे. दोन दातांमधलं अंतर पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त असतं, दात पत्र्यात अडकतो आणि तुटतो. म्हणून पत्रा प्लायवुडच्या दोन तुकड्यांत घट्ट धरा आणि लाकडासकट कापा. ब्लेड बारीक दातांचं, इंचाला बत्तीस दात असलेलं घ्या. तेलाच्या डब्याचा पत्रा तर त्याहून सोपा. पोलादी पट्टी धरून धारदार टोकानं पाच-सहा वेळा खोल रेघ ओढायची, टेबलाच्या कडेला धरून चार वेळा मागेपुढे वाकवायचा, रेघेवर मोडून हातात येतो.

कापून झालं की कड कानशीनं घासायचीच. त्यानंतर जिथे हात लागणार तिथे ती दुमडून घ्यायची. दुमडलेली कड कापत नाही आणि पत्र्याला ताठपणाही देते. सांधा करताना एका बाजूची कड आत, दुसरीची बाहेर दुमडायची, एकीत एक अडकवायची आणि मोगरीनं ठोकून सपाट करायची. वेल्डिंग करू नका. जस्ताचा पत्रा तापवला की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वर्कशॉपमधल्या मुलांनी हा ताप काढलेला आहे, विचारा त्यांना. सांधे बाहेरच्या बाजूनं एम-सीलनं भरा. शिशाची झाळ धान्याच्या बाजूला कधीही देऊ नका. शिसं अन्नातून पोटात जाणं वाईट.

कोठी झाली की अंधाऱ्या खोलीत तिच्यात बॅटरी लावून ठेवा आणि झाकण लावा. उजेड जिथून बाहेर येईल तिथून हवाही आत जाईल. तेवढी जागा बुजवा. झाकणाला आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली की ते घट्ट बसतं.

हवा नाही तर किडा नाही

हवाबंद कशाला, असं कुणी विचारलं तर शेतकी कॉलेजात शिकलेलं थोडं सांगतो. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणजे वरून निवडलेला, पाखडलेला गहूही आतून लागलेला असू शकतो. हवाबंद कोठीत किडा असलेला प्राणवायू संपवतो आणि मग गुदमरतो. औषधाची गरज उरत नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आज घराघरांत धान्यात विषारी गोळी टाकली जाते. तिचं नाव ॲल्युमिनियम फॉस्फाईड. ओलसर हवेत तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. माणसं झोपतात त्या खोलीत ती वापरली की किड्याच्या आधी लेकरू दगावतं. मायबहिणींनो, कोठी हवी ती भावासाठी, हे खरं. पण त्याहून आधी ही गोळी घरातून बाहेर काढण्यासाठी हवी.

मात्र कोठी म्हणजे जादू नव्हे. ओलं धान्य भरलंत तर हवाबंद कोठीत ते पोत्यापेक्षा लवकर कुजेल. चांगलं उन्हात वाळवा, गार होऊ द्या, मग भरा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. दुसरी परीक्षा मिठाची: कोरड्या बाटलीत कोरडं मीठ आणि धान्य घालून हलवा, मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून ओलं आहे. मीठ चिकटलं नाही तरी आणखी एक ऊन द्यायला हरकत नाही. कोठी जमिनीवर ठेवू नका, फळ्यांवर ठेवा. उन्हात ठेवू नका. दिवसा तापून रात्री गार झाली की पत्र्याला आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरशीनं जातो. आणि झाकणाला कडी-कुलूप करा, खेळताना मूल आत उतरू शकतं.

विक्रोळीची पेटी

आपल्या लोकांना हे जमेल का, ही शंका ज्यांना येते त्यांना मी इथलीच गोष्ट सांगतो. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधे विक्रोळी. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 मध्ये झाली. तिच्यासाठी पोलादी पत्र्याच्या मतपेट्या हव्या होत्या, आणि लाखांनी हव्या होत्या. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात साडेबारा लाखांहून जास्त पेट्या काही महिन्यांत बनल्या. एका पेटीची किंमत पाच रुपयांच्या घरात बसवायची होती. बाहेरून कुलूप लावलं की खर्च वाढत होता. तेव्हा नथालाल पांचाळ या कारखान्यातल्या कामगारानं कुलपाची योजना पेटीच्या आतच बसवून दाखवली. देशाचं सरकार ज्या पेट्यांतून निवडलं गेलं, त्यांतली मोठी अडचण कामगाराच्या हातानं सुटली. ज्या हातांनी देशाची मतं राखणारी पेटी केली, त्या हातांना बापाचा गहू राखणारी पेटी करता येणार नाही?

आज लालबहादूर शास्त्री मार्गावर फिरलात तर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कितीतरी कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे दिसतील. कारखाने गेले, कसब गल्लीबोळांतल्या गाळ्यांत उरलं. तेही कायमचं नाही. गाळा उठला तर तुमच्या हातातलं कसब कुठे जाणार, याचा विचार करा. गावाला त्याची गरज आहे. गावात पूर्वी घिसाडी यायचे, कल्हईवाले यायचे. आता त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

एका डब्यापासून सुरुवात

कोठी लगेच जमणार नाही, हे मला कळतं. माझी पहिली चकती बटाट्याच्या आकाराची झाली होती आणि डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले होते. हातमोजे घालायची लाज वाटली, त्याची ती किंमत. म्हणून सुरुवात तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यापासून करा. वरखालची झाकणं कापली, एका कोपऱ्याला उभा चिरला आणि उलगडला, की साधारण तीन फूट लांब आणि फूटभर रुंद पत्रा मिळतो. गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुऊन घ्या.

कोकणातल्या मंडळींनी तो नारळाच्या खोडाला गुंडाळावा, जमिनीपासून सहा-सात फुटांवर. उंदराची नखं गुळगुळीत पत्र्यावर ठरत नाहीत. बोरिवलीच्या पलीकडे गोराईला अजून माडाच्या वाड्या आहेत, तिथल्या बागाइतदारांनाही हे उपयोगी आहे. खोडाचा घेर मोठा असेल तर दुसऱ्या डब्याचा तुकडा जोडा. झावळ्या शेजारच्या झाडाला टेकत असतील तर मात्र उंदीर वरच्या वाटेनं येईल. देशावरच्या मंडळींनी कणगीच्या माच्याच्या पायांना, जमिनीपासून तीन फुटांवर, उपड्या चाड्यासारखा पत्र्याचा शंकू बसवावा. उंदीर पाय चढून येतो, शंकूखाली अडकतो आणि परत जातो.

दोन गोष्टी करू नका. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी धान्याजवळ आणू नका. भोक पाडून, चेपून टाका. आणि डिझेलचं, पेट्रोलचं किंवा थिनरचं बंद पिंप छिन्नीनं अगर ग्राइंडरनं कापू नका. रिकामं दिसणारं पिंप वाफेनं भरलेलं असतं आणि एका ठिणगीनं फुटतं. हात कापलाच तर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, हळद भरून घरी बसू नका.

काय करायचं

भाषणं पुष्कळ होतात. मी तीन कामं देऊन थांबतो.

उजव्या बाजूच्या मित्रांनो, गणपतीला, दिवाळीला, नाहीतर मे महिन्यात तुम्ही गावाला जाताच. या वेळी बॅगेत मिठाईच्या शेजारी एक कात्री, एक कानस, पोलादी पट्टी आणि हातमोजे टाका. गावात दोन दिवस काढा आणि किमान दोघांना शिकवा. त्यांतली एक बाई असावी. धान्य सांभाळते ती, आणि कात्री चालवायला मनगटापेक्षा बेत लागतो.

डाव्या बाजूच्या भावांनो, गावात पाच घरं मिळून एक अवजारांचा संच घ्या. पहिली कोठी एकाच्या घरी सगळ्यांनी मिळून करा. ती वाकडी होईल. दुसरी सरळ होईल.

आणि जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना नुसते ठराव आणू नका. प्रत्येक तालुक्यानं आपल्या हातानं केलेली पत्र्याची एक वस्तू आणायची. कोठी, शंकू, पन्हळ, साधं मापटं, काहीही. रास्त भावाची लढाई आपण सोडलेली नाही आणि सोडणार नाही. पण लढणाऱ्याला दम धरता आला पाहिजे, आणि ज्याच्या घरी वर्षभराचं धान्य आणि पुढच्या सुगीचं बियाणं शाबूत आहे तोच दम धरू शकतो.

आता बोलणं पुरे. कात्री इथे आहे, पत्रा इथे आहे. ज्यांनी आजवर कधी कापला नाही त्यांनी आधी पुढे यावं, हातमोजे घालून.